‘ध’चा ‘मा’ आणि कादंबरीकार

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की तो उच्चारताना आपण खुनाच्या एका खटल्याचा निकाल देत आहोत याची जाणीव कोणाला राहत नाही. कचेरीतल्या टिपणातला एखादा शब्द फिरला, घरात कोणी निरोप उलटा पोचवला, की हा वाक्प्रचार सहज ओठांवर येतो. पुण्यात येतो, तसाच इंदूर-ग्वाल्हेरला येतो, बडोद्याला येतो आणि दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी घरांतही येतो. एका स्त्रीवर ठेवलेला आरोप अडीचशे वर्षे असा नित्य उच्चारला जातो आहे. तो सिद्ध झाला होता काय, असे मात्र कोणी विचारत नाही.

मूळ घटना सर्वांच्या परिचयाची आहे. १७७३ सालच्या ऑगस्टची ३० तारीख; गणेशोत्सवाचे दिवस. थकलेल्या पगाराचे निमित्त करून गारदी भर दुपारी शनिवारवाड्यात शिरले. नारायणराव पेशवे त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते आणि त्यांना पेशवाई मिळून पुरते वर्षही झाले नव्हते. जीव वाचवण्यासाठी ते चुलते रघुनाथराव यांच्याकडे धावले आणि तेथेच मारले गेले. परंपरा असे सांगते, की गारद्यांना दिलेल्या चिठ्ठीत नारायणरावांस ‘धरावे’ असा हुकूम होता. रघुनाथरावांच्या पत्नी आनंदीबाई यांनी त्यातले पहिले अक्षर बदलले आणि तो हुकूम ‘मारावे’ असा झाला. पुढे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, रघुनाथरावांना दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरी वाट नाही असे त्यांना तोंडावर सांगितले आणि ते पुणे सोडून गेले.

तटबंदीचा वाडा, एक चिठ्ठी, एक बदललेले अक्षर, राज्याचा वारसा आणि कोणाची भीड न धरणारा न्यायाधीश. रहस्यकादंबरी लिहू इच्छिणाऱ्याला याहून अधिक काय हवे? सामग्री जणू तयारच आहे, फक्त प्रकरणे पाडायची! परंतु असल्या तयार सामग्रीतच ऐतिहासिक रहस्यकादंबरीची खरी अडचण दडलेली असते. ही अडचण कोणती, आणि निरनिराळ्या देशांतल्या लेखकांनी तिच्यातून कसा मार्ग काढला, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी या दोघींच्या प्रकृती एकमेकींच्या उलट आहेत. ऐतिहासिक कादंबरीचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. सिंहगड घेतला जाणार आणि तानाजी पडणार, हे माहीत असूनही आपण हरिभाऊ आपट्यांची कादंबरी हातातून खाली ठेवत नाही. रहस्यकादंबरीचा सारा प्राण मात्र शेवट झाकून ठेवण्यात असतो. शरदिंदु बंद्योपाध्याय या दोन्ही प्रकारांत सिद्धहस्त होते. व्योमकेश बक्षी हा सत्यान्वेषी त्यांनी १९३२ साली निर्माण केला. १९५२ पासून ते पुण्यात राहिले, आणि शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मुलाच्या गोष्टीही त्यांनी बंगालीत लिहिल्या. पण त्यांचा व्योमकेश आपल्याच काळातल्या कलकत्त्यात वावरला आणि ऐतिहासिक कथांचे दालन त्यांनी वेगळे ठेवले. दोन्ही विद्या साध्य असलेल्या लेखकाने असे केले, यावरून त्यांचा संयोग किती अवघड असेल याची कल्पना यावी.

या अडचणींपैकी पहिली, आणि दिसायला अगदी क्षुल्लक, म्हणजे नित्याच्या व्यवहाराची. आगाथा ख्रिस्ती यांची ‘डेथ कम्स ॲज दि एंड’ ही कादंबरी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तिचा काळ ख्रिस्तपूर्व २००० च्या सुमाराचा आणि स्थळ ईजिप्त. हेकानाख्त नावाच्या एका पुरोहिताने आपल्या कुटुंबाला लिहिलेली पत्रे लक्सरजवळच्या उत्खननात सापडली होती. त्यांत धान्याचे हिशेब होते, मुलांना ताकीद होती, घरात आणलेल्या नव्या स्त्रीला नीट वागवा अशी तंबी होती. एवढ्यावरून ख्रिस्तीबाईंनी एक कुटुंब उभे केले. हा विषय त्यांना सुचवला तो स्टीफन ग्लॅनव्हिल या ईजिप्तविद्येच्या पंडिताने. पण लिहावयास बसल्यावर त्यांना पंडिताकडून जे हवे होते ते राजवंशांचे ज्ञान नव्हे. ही माणसे काय जेवत, जेवायला जमिनीवर बसत की चौरंग असे, स्त्रीपुरुष एकत्र जेवत की निराळे, असल्या प्रश्नांनी त्यांनी ग्लॅनव्हिल यांना भंडावून सोडले.

हे प्रश्न हास्यास्पद वाटतील. पण रहस्यकथेत विष घालायचे तर ते कोणाच्या ताटात पडले हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी ताटे कोठे मांडली जात हे समजावे लागते. साध्या ऐतिहासिक कादंबरीत पंगतीचे वर्णन दोन वाक्यांत उरकता येते. येथे मात्र त्याच पंगतीवर कोणाचा तरी अपराध ठरतो.

दुसरी अडचण काळाच्या आणि स्थळाच्या बंधनांची. आणि कसबी लेखकाच्या हाती हीच अडचण साहाय्यक कशी होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे उंबर्टो एको यांची १९८० साली इटालियन भाषेत प्रसिद्ध झालेली ‘दि नेम ऑफ द रोज’ ही कादंबरी. उत्तर इटलीतल्या एका मठात एकामागून एक भिक्षू मरतात आणि विल्यम नावाचा फ्रान्सिस्कन साधू त्यांचा शोध लावतो. पुढे एकोंनी आपल्या लेखनाची हकिगत स्वतंत्रपणे सांगितली. त्यांना बारीक निरीक्षण करणारा आणि खुणांवरून अर्थ काढणारा शोधक हवा होता. असा माणूस मध्ययुगात शोधायचा तर तो रॉजर बेकनचा अनुयायी आणि ऑकमचा समकालीन असणार. म्हणून चौदावे शतक आले. फ्रान्सिस्कनांचा प्रमुख मायकेल चेझेना हा १३२७ च्या डिसेंबरात पोपपाशी आव्हिन्यों येथे पोचला होता, ही इतिहासातली गोष्ट. त्याला कथेत आणायचे तर कथा त्यापूर्वी, म्हणजे नोव्हेंबरच्या अखेरीस, संपली पाहिजे. पण एक प्रेत डुकराच्या रक्ताने भरलेल्या रांजणात सापडावे अशी लेखकाची योजना. आणि डुकरे मारतात ती कडक थंडी पडल्यावर. नोव्हेंबरात तशी थंडी कोठून आणायची? म्हणून एकोंनी मठ उंच डोंगरावर नेला. तेथे तेव्हाही बर्फ पडलेले असू शकते!

म्हणजे कादंबरीतला तो भव्य, हिमाच्छादित मठ केवळ शोभेसाठी आलेला नाही. एका तारखेने आणि एका रांजणाने तो डोंगरावर चढवला आहे. एकोंनी मठाचे नकाशे काढले, जिन्याच्या पायऱ्या मोजल्या, दोन इमारतींमधले अंतर चालून जाताना जेवढे बोलणे होईल तेवढेच संवाद त्या वाटेवर घातले. इतिहासाची बंधने कल्पनेचा गळा आवळतात असे आपण समजतो. पण येथे तर कल्पनेला रस्ता दाखवण्याचे कामच त्यांनी केले.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. त्या काळी ‘पुरावा’ कशास म्हणत? आपल्याला बोटांचे ठसे, रक्ताची तपासणी, घड्याळातले मिनिट यांची सवय झालेली आहे. पण ठशांचे पहिले कार्यालय कलकत्त्यास निघाले ते १८९७ साली. शरीरातला सोमल ओळखण्याची मार्श याची परीक्षा १८३६ ची. पेशवाईतल्या पुण्यात दिवस मोजला जाई तो घटकांनी. पाण्यात सोडलेले सच्छिद्र घटिकापात्र बुडाले की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे. ‘अमुक इसम सव्वाअकराला तमुक ठिकाणी होता’ या विधानाला त्या जगात अर्थच नाही. तेव्हा आजच्या गुप्त पोलिसाला अंगरखा-पगडी चढवून पेशवाईत पाठवला, तर पगडी ऐतिहासिक होईल, पण डोके आजचेच राहील.

या बाबतीत रॉबर्ट व्हान ग्युलिक यांच्याकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. हे गृहस्थ डच परराष्ट्रखात्यातले अधिकारी, चिनी विद्येचे पंडित. १९५२ च्या सुमारास काही काळ ते नवी दिल्लीच्या वकिलातीतही होते. १९६७ साली वारले तोवर सरकारी चाकरी सांभाळूनच त्यांनी लेखन केले, हे माझ्यासारख्या फायलींत बुडालेल्या माणसाला विशेष दिलासा देणारे आहे. न्यायाधीश डी याच्या हकिगती सांगणारी एक जुनी चिनी कादंबरी त्यांनी भाषांतरित करून १९४९ साली टोकियोत प्रसिद्ध केली आणि नंतर त्याच न्यायाधीशाला नायक करून स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या. डी हा सातव्या शतकातला, तांग राजवटीतला खरा पुरुष.

व्हान ग्युलिक यांच्या ध्यानात आले, की चिनी न्यायाधीश म्हणजे शोधक, फिर्यादी आणि निर्णय देणारा, असे सारे एकच. त्याच्यापुढे एका वेळी एकच प्रकरण कधी नसे, म्हणून त्यांच्या बहुतेक कादंबऱ्यांतही तीन प्रकरणे एकमेकांत गुंतून चालतात. दुसरे असे, की आरोपीने कबुली दिल्याखेरीज त्याला दोषी ठरवता येत नसे. कबुलीसाठी छळ करण्याची मुभा होती. पण निरपराध्याचा छळ झाला तर न्यायाधीशालाच शिक्षा भोगावी लागे. यामुळे कथेची घडणच पालटते. गुन्हेगार कोण हे कळले म्हणजे कथा संपत नाही. त्याच्या तोंडून ते वदवायचे कसे, हा नवाच प्रश्न उभा राहतो. तेराव्या शतकातला जुन्या खटल्यांचा एक चिनी संग्रह त्यांनी भाषांतरित केला आणि त्यातून कथाबीजे घेतली. आणि पुस्तकाच्या शेवटी टीप देऊन, कोणते बीज कोठून घेतले आणि तांग काळाच्या कथेत मिंग काळाचे रीतिरिवाज कसे आले आहेत, हेही त्यांनी वाचकास मोकळेपणी सांगितले. हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे.

आता हेच तीन धडे घेऊन आपल्याकडे वळू. मराठी लेखकाला साधनांची वाण मुळीच नाही. राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापण्यास आरंभ केला. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत सिद्ध केले. त्या कागदांत पंचायती आहेत, गोतसभा आहेत, साक्षीदारांच्या जबान्या आहेत, मुचलके आहेत आणि माणसांचा पुरावा तोकडा पडला तर देवावर भार टाकून केलेली दिव्येही आहेत. आपल्या न्यायपद्धतीतून उपजलेली रहस्यकथा लिहायला एवढे पुरेसे आहे.

एक लहानसा नमुना कल्पून पाहू. रहस्यकथेचा धर्म असा, की शोधकाला जे दिसते ते वाचकालाही दिसले पाहिजे. पण पेशवाईतला धागा आजचा वाचक ओळखणार कसा? समजा, वतनाच्या वादात एका कारकुनाने मागल्या तारखेचा बनावट कागद तयार केला. त्याने मिती वैशाखातली घातली आणि जुन्या रीतीप्रमाणे शुहूर सनही अरबी शब्दांत लिहिला: ‘अर्बा सबैन मया व अलफ’, म्हणजे ११७४. आता शालिवाहन शक पालटतो चैत्रात. पण शुहूर सन पालटतो सूर्य मृग नक्षत्रात गेल्यावर, जूनच्या आरंभी. म्हणून त्याला मृगसाल असेही नाव आहे. १७७३ च्या वैशाखात ११७४ हा सन लागलेलाच नव्हता. कागद मागाहून, पावसाळ्यात लिहिला गेला, आणि हाताला पडलेल्या सवयीने कारकुनाचा घात केला.

हा धागा शेवटच्या प्रकरणात एकाएकी बाहेर काढला तर वाचक फसवणुकीची तक्रार करील, आणि ती रास्त असेल. म्हणून तो आरंभीच पेरावा लागतो. पहिला पाऊस पडतो आहे, दप्तरखान्यात कारकून बोरू टोकदार करीत आहेत आणि ‘आजपासून सन नवा, अर्बा लिहा रे’ असे फडणीस बजावतो आहे. वाचकाला हे पावसाचे वर्णन वाटते. पण किल्ली त्याच्या हातात पडलेली असते. ही पेरणी नीट साधावी म्हणून लेखकाला उलट्या दिशेने चालावे लागते. आधी गुन्हा घडला तसा सरळ लिहून काढायचा, मग तो झाकायचा, आणि मग शोधकाच्या पावलांनी पुन्हा उघडायचा. जवळ दोन वह्या असाव्यात: एकीत काय घडले ते, दुसरीत कोणाला कोणत्या दिवशी काय कळले ते. खात्यातल्या चौकशीचे कागद वाचताना मला नेहमी जाणवते, की बहुतेक चुका या दोन वह्या एकमेकींत मिसळल्याने होतात. मागाहून कळलेली गोष्ट आधीपासून ठाऊक होती असे धरले, की निरपराध माणूसही अपराधी दिसू लागतो.

आणि येथे आपण पुन्हा त्या चिठ्ठीपाशी येऊन पोचतो. माझा कल्पित कारकून दोषी ठरला तर कोणाचे काही बिघडत नाही. तो कधी जन्मालाच आला नव्हता. आनंदीबाई जन्माला आल्या होत्या. १७९४ साली त्या वारल्या. त्यांच्यावरच्या आरोपाला लेखकाने दुसऱ्या वहीची कसोटी लावून पाहावी. ग्रँट डफने अक्षरबदलाची हकिगत आणि ते आनंदीबाईंचे काम असल्याचा समज आपल्या इतिहासात नोंदवला तो १८२६ साली, म्हणजे घटनेनंतर ५३ वर्षांनी. अक्षर त्यांच्याच हातचे, याला प्रत्यक्ष पुरावा नाही. दरबारी लेखन मोडीत चाले. ‘ध’ आणि ‘मा’ यांचा खेळ आपण मात्र बाळबोध वळणात डोळ्यांपुढे आणतो. चिठ्ठी मोडीत असेल तर तो फेरफार बोरूच्या कोणत्या फटकाऱ्याने झाला? मूळ हुकूम कोणी लिहिला, कोणाच्या हातून कोणाकडे गेला? अक्षर बदलले गेले या गोष्टीचा लाभ कोणाला झाला? हुकूम ‘धरावे’ एवढाच होता असे ठरले, तर दोषाचा भार नवऱ्याच्या माथ्यावरून उतरून बायकोच्या माथ्यावर येतो, ही गोष्ट कोणत्याही शोधकाच्या नजरेतून सुटू नये.

याचा अर्थ आनंदीबाई निर्दोष होत्या असा मी निकाल देतो, असा नव्हे. तो मोह उलट्या बाजूचा आहे, आणि तोही धोक्याचा. जोसेफिन टे यांनी १९५१ साली ‘दि डॉटर ऑफ टाइम’ या कादंबरीत, रुग्णालयात खिळून पडलेल्या एका पोलिस अधिकाऱ्याकडून इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याला पुतण्यांच्या खुनातून मुक्त करवले. ते पुस्तक इतके वाचनीय आहे, की मिटल्यावर असंख्य वाचकांना तो राजा सुटल्यासारखाच वाटला. पुढे २०१२ साली लेस्टर येथे त्या राजाची हाडे सापडली. पाठीचा कणा वाकडा होता. पण नाटकांनी रंगवलेला वाळलेला हात नव्हता. शत्रूंनी सांगितलेले अर्धे खरे, अर्धे खोटे. आणि पुतण्यांचे काय झाले याविषयी ती हाडे मुकीच राहिली. कादंबरीतली सुटका आणि न्यायालयातली सुटका यांत हे अंतर आहे.

मला वाटते, नारायणरावांच्या वधाभोवती रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याने गुन्हा निराळा निवडावा. त्याच भाद्रपदात, एखाद्या पेठेतल्या लहानशा वाड्यात, एखादा लेखनिक नाहीसा होतो. त्याची म्हातारी आई पंचांपुढे येते. शनिवारवाड्यातला आकांत तटाबाहेर ऐकू येतो, गारदी रस्त्यातून जातात, रामशास्त्री एके दिवशी पुणे सोडताना दिसतात. लेखनिकाचे रहस्य उलगडावे, पुरते उलगडावे. वाचकाचा तो हक्क आहे. पण चिठ्ठीविषयी त्या पेठेतल्या माणसांना जेवढे कळले असते, तेवढेच कादंबरीने बोलावे.

रामशास्त्र्यांपुढे उभा असलेला आरोपी राज्याचा धनी होता, आणि त्याला दोषी म्हणण्यात जिवाला धोका होता. कादंबरीकाराला तसा कसलाच धोका नाही. त्याचा आरोपी मेलेला असतो, उत्तर द्यायला येत नाही, वकील देत नाही, अपील करीत नाही. म्हणूनच ज्या पुराव्यावर शास्त्रीबुवांनी सही केली नसती, त्या पुराव्यावर आपणही करू नये, एवढा निर्बंध लेखकाने स्वतःवर घालून घ्यावा. आणि आपण वाचकांनी, पुढल्या खेपेस ‘ध’चा ‘मा’ म्हणताना, क्षणभर थांबून ते अक्षर कोणी पाहिले होते एवढे स्वतःला विचारावे.